घरचा पेशंट

नातेवाइकांना गाडी शिकवायची नाही, असा ब्रेकबाईने फार पूर्वीच कानाला खडा लावला होता. परका शिकाऊ ओरडा खातो, मान डोलावतो आणि आरशात बघायला शिकतो. नातेवाईक शिकाऊ उलट आपल्यालाच अक्कल शिकवतो, आणि आपणही त्याच्यापुढे गुळमुळीत होतो. एखादा आरसा बघायचा राहिला तर 'असू दे, घरचंच माणूस आहे' म्हणून सोडून देतो. मग ते घरचं माणूस एक दिवस कुणाच्या तरी अंगावर गाडी घालतं. म्हणून सख्ख्या लेकीलाही तिने दुसऱ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं होतं. लोक हसले. हसोत बापडे.

ब्रेकबाई हे नाव शिकाऊंनीच ठेवलेलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तिचा पाय त्यावर असा काही पडायचा की शिकाऊला आपली वाडवडिलांपासूनची पापं आठवायची. बाई रागीट होती, ते काही लपवण्यासारखं नव्हतं. पण हे सगळे राग फुटकळ. दुपारपर्यंत विरून जाणारे. एकच राग असा होता जो ती गाडीत आणायची नाही, जेवणाच्या टेबलावर आणायची नाही, आणि इतक्या वर्षांत जो जराही शिळा झाला नव्हता. तो नणंदेवरचा राग.

आणि त्याच नणंदेचा निरोप घेऊन नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"ताईचा फोन आला होता," तो म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा, आणि अंगाशी येणारं काही बोलायचं असलं की स्वतःचा चष्मा काढून पुसत बसायचा. आत्ताही पुसतच होता. "तिच्या त्या प्लाझ्मा सेंटरमध्ये तुझा प्लाझ्मा हवाय म्हणते."

"माझा काय हवाय?"

"प्लाझ्मा. रक्तातलं ते पिवळं पाणी. तुझ्यात ते... ते तयार झालंय ना, त्या वेळेपासून. त्याचं म्हणे इंजेक्शन बनवतात. निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांसाठी."

ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हातातली कढई ओट्यावर ठेवली नाही, आपटली.

झालं होतं ते असं. ब्रेकबाईचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. पहिली मुलगी बापाच्या वळणावर गेली, रक्तानेही. अशा बाळंतिणीला तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. दिलं नाही तर आईचं रक्त बाळाच्या रक्ताला शत्रू समजायला शिकतं आणि पुढच्या बाळावर तुटून पडतं. नणंद तेव्हा त्याच प्रसूतिगृहात मुख्य नर्स होती, आणि हाताखालच्या पोरी तिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने चळचळ कापायच्या. भावजय बाळंत झाल्यावर तिने सगळी सूत्रं आपल्या हातात घेतली. वेगळी खोली दिली, दोन उशा दिल्या, नोंदीबिंदींच्या भानगडीत कुणाला पडू दिलं नाही. "घरचा पेशंट आहे, मी बघते," असं सगळ्यांना बजावलं आणि दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. इंजेक्शन? "संध्याकाळी मीच घेऊन येते की. तुला कशाला इथे अडकवून ठेवू?"

संध्याकाळी नणंद आली. हातात फुलं, बाळाला खुळखुळा, खांद्याला तिची ती मोठी काळी पर्स. घर माणसांनी भरलेलं, हसणं-खिदळणं, बाळ कुणावर गेलंय याचा वाद. त्यात इंजेक्शनचा विषय निघालाच नाही. ब्रेकबाईला कुठे काय माहीत? आणि घरात एवढी मोठी नर्स असताना आपण कशाला विचारायचं, असंच सगळ्यांना वाटलं. प्रसूतिगृहातल्या मोठ्या खोलीत ओळीने निजलेल्या, कुणाच्या कुणी नसलेल्या बायकांना मात्र ते इंजेक्शन अगदी वेळेवर मिळालं.

पुढे मुलगा झाला. सुजलेला, पांढराफटक. संध्याकाळपर्यंत होता.

"नशिबात नव्हता गं," असं नणंद त्या वेळी म्हणाली होती, आणि त्या विषयावर तिने आजवर उच्चारलेले शब्द तेवढेच. नशीब कुठून आलं मध्ये? नशिबाला का कुणी सुई भरून हातात दिली होती? चूक स्वतः करायची आणि खापर नशिबावर फोडायचं, वर साळसूद चेहऱ्याने भावाच्या घरी येऊन चहाही प्यायचा. ब्रेकबाईने तिच्याशी भांडण केलं नाही. तिने फक्त वाट बघितली, एका वाक्याची. ते आलं नाही. मग तिने बोलणंच टाकलं.

"तुमच्या ताईला म्हणावं," ती आता नवऱ्याला म्हणाली, "आधी इथे येऊन एक वाक्य बोला. मग प्लाझ्मा काय, काळीज काढून देते."

"कोणतं वाक्य?"

"त्यांना माहीत आहे."

नवऱ्याने चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली. निरोप काही त्याने पोचवला नसणार, कारण वाक्यही आलं नाही आणि नणंदही नाही.

हे असंच राहिलं असतं. पण त्या सुमारास ब्रेकबाईकडे बँकेत काम करणारी एक पोरगी शिकायला होती. दिवस गेलेले, आणि पोट स्टिअरिंगला टेकायच्या आत परीक्षा पास व्हायचं म्हणून घायकुतीला आलेली. गाडी बरी चालवायची. तोंड त्याहून भरधाव.

"बाई, काल ते निगेटिव्हवाल्यांचं इंजेक्शन टोचलं," चौकाकडे जाता जाता ती म्हणाली. "काय दुखतंय म्हणून सांगू. नीट बसता येत नाहीये. आणि आणखी एक घ्यायचंय म्हणे, बाळ झाल्यावर. ते तर मी टाळणारच आहे. मला कुठे दुसरं मूल हवंय? शिवाय सध्या साठा कमी आहे म्हणाले, मिळेल की नाही तेही नक्की नाही. मग घेऊ दे दुसऱ्या कुणाला..."

ब्रेकबाईचा पाय पडला. गाडी जागच्या जागी थांबली, मागच्या तीन गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले, आणि कुणीतरी खिडकीतून डोकं काढून दोघींचा उद्धार केला.

"कडेला घे," ब्रेकबाई म्हणाली.

पोरीने घाबरत घाबरत गाडी कडेला घेतली.

"आज दुसरं मूल नकोय. उद्या हवंसं वाटलं तर? ते इंजेक्शन घ्यायचं. दुखलं तरी घ्यायचं, बोंब मारायची असली तर बोंब मारत घ्यायचं. आणि घरी कुणी देतो म्हणालं तर ऐकायचं नाही. तिथेच, खाटेवर, टोचून घेतलेलं डोळ्यांनी बघायचं. कळलं?"

"हो," पोरगी म्हणाली. मग वळून बघत, "बाई, तुम्ही रडताय का?"

"समोर बघ. गाडी चालू कर."

त्या दिवशी पोरीचे शब्द काही तिच्या डोक्यातून जाईनात. साठा कमी आहे. म्हणजे बाटलीत जे असायला हवं ते इथे, तिच्या शिरांमध्ये, बिनकामाचं फिरत होतं, आणि तिने दिलं नाही तर ती बडबडी पोरगी तिच्यासारखीच इंजेक्शनावाचून घरी जाणार होती. इतकी वर्षं ब्रेकबाईने तो राग मनात कडीकुलपात जपला होता. एकटीचा होता, हक्काचा होता. आता त्याचा भुर्दंड तिसरीच कुणी भरणार म्हटल्यावर तो सुखाने करताही येईना. तिला याचाही राग आला. वाक्याविनाच जावं लागणार होतं.

तिने नवऱ्याला होकार सांगितला आणि जवळच्या लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त दिलं. तिथले डॉक्टर कागद बघून म्हणाले, बहुतेक बायकांच्या रक्तातला हा जोर वर्षागणिक ओसरतो, तुमचा जसाच्या तसा आहे. ब्रेकबाईला त्यात नवल वाटलं नाही.

पुढचं सगळं नणंदेने भावाला फोनवर कळवलं. कधी यायचं, काय करायचं, सगळं. ठरल्या दिवशी नवरा लवकर उठला. बायको त्याच्या बहिणीच्या दारात पाऊल टाकणार या आनंदाने त्याला भरून आलं होतं, आणि भरून आलं की तो स्वयंपाक करतो. लोण्यात परतलेले बटाटे, तेलात सोडलेली अंडी, साय घातलेली कॉफी. "रक्त जाणार आहे, पोटात आधार हवा," म्हणत त्याने आग्रह करकरून वाढलं. ती जेवली. त्याचं मन तिला मोडवेना.

सेंटरच्या पुढच्या दाराशी लोक बाकांवर बसले होते. नणंद मागच्या दाराशी वाट बघत उभी. केस पिकले होते, आवाज तसाच होता.

"आलीस. मला माहीतच होतं तू येशील. चल, रांगेत कशाला बसतेस? अगं, हिला आत घे, घरचंच माणूस आहे."

ब्रेकबाईच्या कानशिलातली शीर ताडकन उडाली. पण ती त्या बँकेतल्या पोरीसाठी आली होती, म्हणून गप्प राहिली.

आत लांबलचक खोलीत आरामखुर्च्या ओळीने लावलेल्या, आणि प्रत्येकीशेजारी गुरगुरणारं एकेक यंत्र. रक्तदाब पाहिला, बोटाला टोचलं, दंडाला पट्टा बांधला. एका तरुण नर्सने सुई घातली आणि हातात रबरी चेंडू दिला. यंत्र रक्त ओढायचं, फिरवायचं, पिवळं पाणी वर पिशवीत सोडायचं आणि लाल उरलेलं परत हातात पाठवायचं. परत येताना ते गार लागायचं. नवरा पायाशी स्टुलावर बसून कौतुकाने बघत होता.

मग ती तरुण नर्स आली, पिशवी उजेडाकडे धरून बघायला लागली आणि तिचा चेहरा पडला. पिशवीत पिवळं काही नव्हतं. दूध पातळ करून भरल्यासारखं पांढुरकं काहीतरी होतं.

"आज काय खाऊन आलात?"

ब्रेकबाईने सांगितलं. बटाटे, अंडी, साय, सगळं.

"अहो, मग हे कसं चालेल? चरबी उतरलीय सगळी यात. हे वापरता येत नाही, टाकावं लागतं. तेलकट आदल्या दिवसापासून बंद करायचं, पाणी भरपूर प्यायचं. सूचनांचा कागद नाही का मिळाला तुम्हाला? सगळ्यांना देतो आम्ही. आणि आत घेताना विचारतोही."

"मला कुणी दिला नाही. कुणी विचारलंही नाही."

नणंद तोवर पोचली होती. "मी भावाला फोनवर सांगितलं होतं की."

"तू म्हणालीस पोटभर खाऊ घाल," नवरा म्हणाला.

"तेलकट नको, हेही म्हणाले होते."

"हो का?" असं म्हणत त्याने चष्मा काढला.

"असू दे गं," नणंद भावजयीच्या खांद्यावर थोपटत म्हणाली. "एक पिशवी गेली तर गेली. पुढच्या वेळी बघू. घरचंच तर काम आहे."

ब्रेकबाईचा एक हात सुईला बांधलेला होता. दुसऱ्या हाताने तिने तो थोपटणारा हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला. ओरडली नाही. शिकाऊंना विचारा, ती ओरडत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

"वन्सं, मला घरचं माणूस म्हणू नका. त्या बाकांवर जो कुणी उपटसुंभ बसलाय ना, त्याला तुम्ही कागद दिलात, काय खाल्लं विचारलंत. मला नाही, कारण मी घरची. तेव्हाही मी घरचीच होते. घरची म्हणून माझ्याकडे कुणी बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही, कारण तुम्ही बघणार. माझा मुलगा गेला त्यात. आज ही पिशवी गेली. ती कुणाची होती माहीत आहे तुम्हाला? मला माहीत आहे."

यंत्रं गुरगुरत राहिली. पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाने चेंडू दाबायचं थांबवलं.

"मी परत येईन. पुढच्या दाराने येईन, बाकावर बसेन. मला ओळखत नाही असं समजून तुम्ही स्वतः मला सगळं विचारायचं. एकही प्रश्न गाळायचा नाही. जमेल?"

तरुण नर्सने ती पिशवी झाकणाच्या डब्यात टाकली.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "मी चुकलो." लगेच म्हणाला, चष्मा न काढता. ब्रेकबाई त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं सोपं असतं तर ते. तोंड उघडायचं आणि म्हणायचं. त्याच्यावरचा राग घर येईपर्यंत गेला. जिच्यावर असायला हवा होता तिच्यावरचा दुप्पट झाला.

दुसऱ्या खेपेला तिने उकडलेलं, कोरडं, बिनचवीचं खाल्लं आणि जीव जाईस्तोवर पाणी प्यायली. पुढच्या दाराने गेली. बाकावर एका हमालाशेजारी बसली. तो नेहमीचा होता. त्याने तिला फुकटचा सल्ला दिला की ओठांना मुंग्या आल्या तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं. तिचा नंबर लागला.

टेबलामागे नणंद बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आपलं नाव?"

ब्रेकबाईने सांगितलं. नणंदेने ते जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखं लिहून घेतलं.

"झोप नीट झाली का? कालपासून काय काय खाल्लंत? पाणी किती प्यायलात? ताप, सर्दी, दातांचं काही? कुठली औषधं घेता? अंगावर नवीन गोंदण?"

एकेक विचारत होती, एकेक लिहीत होती. आवाज सरळ होता. शेजारच्या टेबलावर ती तरुण नर्स दुसऱ्या कुणाचा रक्तदाब बघत होती.

"गरोदरपणं किती?"

"दोन."

"मुलं?"

"एक मुलगी."

नणंदेचं पेन थांबलं. मग पुन्हा चाललं. "दुसऱ्याचं काय झालं?"

"गेला. जन्मला त्याच दिवशी."

"कारण?"

"ते तुम्ही सांगा."

"वहिनी," नणंद खालच्या आवाजात म्हणाली, "इथे सगळे..."

"मी वहिनी नाही. मी बाकावरून उठून आलेली बाई आहे. कारण लिहा."

नणंदेने पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाली, "पहिल्या बाळंतपणानंतरचं इंजेक्शन मिळालं नव्हतं."

"का?"

"नर्स द्यायला विसरली."

"कोणती नर्स?"

शेजारच्या टेबलावरची हवा भरायची फुसफुस थांबली.

"मी," नणंद म्हणाली.

इतकी वर्षं ज्याच्यासाठी ती डोळे लावून बसली होती ते आलं, आणि आता काय करायचं हे ब्रेकबाईला सुचेना. पण नणंदेचं संपलं नव्हतं. एकदा बांध फुटल्यावर तिला थांबता येत नव्हतं.

"त्या संध्याकाळी ते माझ्या पर्समध्येच होतं. तुझ्या घरी, तुझ्या पलंगाशेजारी ठेवली होती पर्स. माणसांच्या गडबडीत मला आठवलंच नाही. चौथ्या दिवशी सापडलं. थंड ठेवायचं असतं ते, वायाच गेलं होतं. तेव्हाही मी धावत येऊन सांगितलं असतं तर दुसरं देता आलं असतं. उशीर झाला होता, पण थोडा तरी उपयोग झाला असता. मी नाही सांगितलं. सगळे मला केवढी मानत होते. मला लाज वाटली. मी ते टाकून दिलं आणि बसले मूग गिळून."

ब्रेकबाईचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला गेला, इतका की पोटरीत गोळा आला. तिने विसरण्यावर राग धरला होता. विसरणं म्हणजे काहीच नव्हतं, विसरतात माणसं. पण हिला आठवलं होतं. हातात धरून, बघून, फेकून दिलं होतं, आणि मग चार वर्षांनी त्या पोराच्या अंगावर चादर ओढताना नशिबाचं नाव घेतलं होतं. ते टेबल उलथून टाकावं असं तिला वाटलं. उठावं, मागच्या दाराने, पुढच्या दाराने, कुठल्याही दाराने निघून जावं, आणि हिचं सेंटर, हिचा साठा गेला खड्ड्यात. ती अर्धी उठलीसुद्धा.

मग तिला ती पोरगी आठवली, पोट सांभाळत आरशात बघणारी, साठा कमी आहे म्हणणारी. तिचा यात काय दोष? ब्रेकबाई पुन्हा बसली. बसताना खुर्ची करकरली.

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली.

नणंदेने डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या पुढचाही विचारला. एकही गाळला नाही.

सुई तिनेच घातली, पहिल्याच टोचणीत. ब्रेकबाई चेंडू दाबत राहिली. जरा जास्तच जोरात दाबत होती, पण यंत्राला त्याचं काही वावडं नव्हतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या, तिने लगेच सांगितलं, नणंदेने यंत्राचा वेग कमी केला आणि चघळायला गोळी दिली. पिशवी भरत गेली. या वेळी ती स्वच्छ पिवळी होती, आरपार पलीकडची खिडकी दिसावी इतकी.

सुई काढून पट्टी बांधल्यावर नणंद समोर उभी राहिली आणि सूचना सांगायला लागली. पट्टी काही तास ठेवा. आज या हाताने जड उचलू नका. पाणी पीत राहा, वेळेवर जेवा, चक्कर आली तर आडवं व्हा. शेवटी म्हणाली, "आणि तुमची ही पहिलीच धड पिशवी आहे. ती बाजूला ठेवली जाते. दुसऱ्यांदा येऊन, पुन्हा तपासणी होऊन सगळं नीट निघालं, तरच दोन्ही वापरतात. तुम्ही परत आला नाहीत तर ही टाकावी लागते."

ब्रेकबाई बाही खाली ओढत होती.

"मला माफ करशील का गं?" नणंद म्हणाली.

"नाही," ब्रेकबाई म्हणाली. "पुढच्या वेळी किती वाजता येऊ?"

नणंदेने वेळ सांगितली. ब्रेकबाईने सूचनांचा कागद मागून घेतला, वेळ तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतली, आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.